बाळाला घेऊन युरोपला: सात शहरे नकोत, दोन मुक्काम पुरेत

सांगलीच्या विश्रामबाग भागातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

“आमचे बाळ आता सहा महिन्यांचे आहे. मे महिन्याच्या अखेरीस ते दहा महिन्यांचे होईल, तेव्हा सोळा दिवसांसाठी युरोपला जायचे आमच्या घरात ठरत आहे. माझ्या नणंदबाई जर्मनीत श्टुटगार्टला राहतात. यजमानांनी आखलेल्या बेतात श्टुटगार्टशिवाय पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, ल्युसर्न, व्हेनिस आणि रोम आहे. सासूबाई म्हणतात, एवढ्या लहान लेकराला परमुलखात कशाला फिरवता, त्याला माझ्यापाशी ठेवून जा. माझी आई म्हणते, यंदा जाऊच नका. बाळ अजून अंगावर पिते, वरणाचे पाणी आणि नाचणीचे सत्त्व नुकतेच सुरू केले आहे, आणि पाळण्याशिवाय ते झोपत नाही. जावे की नाही? जायचे तर तयारी कशी करावी? नणंदबाईंनी कंदी पेढे, साजूक तूप आणि हापूस मागितला आहे, तो नेता येईल का?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन वडीलधाऱ्या आणि जवळच्या माणसांची तीन मते आहेत, आणि चौथे विचारलेत म्हणून ते सरळच सांगते. तुम्ही जावे, बाळाला घेऊनच जावे, पण यजमानांच्या बेतातली पाच शहरे खोडून टाकावीत.

बाळाला आजीपाशी ठेवून जाण्याचा पर्याय मी सुचवणार नाही. सासूबाईंच्या मायेविषयी शंका नाही. परंतु आठ-नऊ महिन्यांचे झाले की मूल माणसे ओळखू लागते, आई नजरेआड झाली की कासावीस होते, आणि ही अवस्था पुढे कित्येक महिने टिकते. त्यातून तुमचे बाळ अंगावर पिणारे आहे. आई एकाएकी सोळा दिवस दिसेनाशी होणे हे त्याला विमानातल्या नऊ-दहा तासांपेक्षा कितीतरी जड जाईल, आणि तुम्हालाही दूध साचून गाठी होण्याचा, ताप येण्याचा त्रास परमुलखात सोसावा लागेल.

मात्र पत्र वाचताना एक गोष्ट खटकली. नणंदबाई म्हणजे सासूबाईंची लेक, आणि लेकीच्या घरी निघालेल्या या प्रवासात सासूबाईंचे नाव कुठेच नाही. त्यांना मनातून काय वाटते हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण त्यांची प्रकृती साथ देत असेल तर “तुम्हीही चला” असे एकदा मनापासून म्हणून पाहावे. बाळ सांभाळायला तिसरे माणूस असले की तुम्हा दोघांना एखादी संध्याकाळ मोकळी मिळते. त्यांना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर प्रवासविमा घेताना तो लपवू नये, एवढे पथ्य पाळावे.

आता शहरांविषयी. दहा महिन्यांच्या मुलाच्या लेखी आयफेल मनोरा आणि तुमच्या सांगलीतला आयर्विन पूल यांत काही फरक नसतो. रात्री कुठे झोपवले, कोणत्या वासाच्या अंथरुणावर झोपवले, याने मात्र त्याला फार फरक पडतो. मुक्काम बदलण्याचा दिवस मोठ्या माणसांना केवळ दगदगीचा वाटतो, पण बाळाच्या दृष्टीने त्याचे गणितच बिघडते. युरोपातली हॉटेले सकाळी दहा-अकराला खोली रिकामी करून घेतात आणि नवी खोली दुपारी तीनच्या सुमारास देतात. दिवसातून दोनदा झोपणाऱ्या मुलाची दुपारची झोप नेमकी याच वेळात येते, आणि तेव्हा तुमच्याकडे ना खाट असते ना न्हाणीघर. सोळा दिवसांत सात शहरे म्हणजे असे सहा दिवस. त्याशिवाय जाण्यायेण्याचे दिवस वेगळेच. उरलेल्या दिवसांत बाळ किरकिरत राहणार, तुमची आणि यजमानांची त्यावरून धुसफूस होणार, आणि रोमचे कलोसियम कसे होते ते कोणालाच नीट आठवणार नाही.

म्हणून दोनच मुक्काम करावेत. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे, आणि फ्रँकफर्ट विमानतळाच्या आवारातच लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक आहे. तिथून श्टुटगार्ट साधारण सव्वा ते दीड तासावर. पहिले नऊ-दहा दिवस नणंदबाईंच्या घरीच राहावे. श्टुटगार्टमध्येच विल्हेल्मा नावाची प्राणी आणि वनस्पती यांची एकत्र जुनी बाग आहे, लुडविग्सबुर्गचा राजवाडा आणि त्याची उद्याने शहराला लागूनच आहेत, ट्युबिंगेनचे जुने विद्यापीठनगर तासाभरावर आहे. सकाळी निघून दुपारच्या झोपेला किंवा संध्याकाळी परत घरी. पुढचे पाच दिवस ल्युसर्नला स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. श्टुटगार्टहून झुरिकपर्यंत रेल्वेने तीन तास आणि झुरिकहून ल्युसर्न पाऊण-एक तास. परत येताना झुरिकहून मुंबईला थेट विमान असते, त्यामुळे जाताना फ्रँकफर्ट आणि येताना झुरिक असे एकाच तिकिटात मागावे. पुन्हा जर्मनीला उलटे जाण्याचा फेरा वाचतो.

पॅरिसचे वेड यजमानांच्या डोक्यात असेल तर ल्युसर्नऐवजी पॅरिस ठेवता येईल, कारण श्टुटगार्टहून तिथे थेट जलद गाडी जाते. पण पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झालेली आहे आणि तिच्या बहुतेक स्थानकांत लिफ्ट नाही, जिनेच आहेत. बाबागाडी उचलून ते चढण्यापेक्षा तिथे बसने फिरणे बरे. व्हेनिस तर या वयाच्या मुलासाठी मी पूर्णच वगळीन, कारण तिथल्या चारशेहून अधिक पुलांपैकी बहुतेकांना पायऱ्या आहेत.

स्वित्झर्लंडला गेल्यावर बर्फाचा मोह होतोच. युंगफ्राउयोख हे रेल्वेस्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि टिटलिस डोंगरावरच्या रोपवेचे वरचे स्थानक ३,०२० मीटरवर. आपले महाबळेश्वर १,४०० मीटरच्या आतबाहेर आहे, एवढी तुलना पुरे. वर्षाच्या आतल्या मुलाला इतक्या उंचीवर झटपट नेऊ नये, कारण विरळ हवेचा त्रास त्याला होतो पण सांगता येत नाही. ल्युसर्नच्या सरोवरातून बोटीने फिट्झनाऊला जावे आणि तिथून दातेरी रुळांच्या रेल्वेने रिगी डोंगरावर चढावे. ही १८७१ साली सुरू झालेली युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे आहे. माथा १,७९८ मीटरवर असल्याने चढ बाळाला सोसण्याजोगा आहे, आणि वरून आल्प्सची रांग तितकीच दिसते. मला विचाराल तर बाळ नसतानाही मी रिगीच निवडीन.

कागदपत्रांचे काम आजच हाती घ्या, कारण उशीर होतो तो इथेच. बाळाला स्वतंत्र पासपोर्ट आणि स्वतंत्र व्हिसा लागतो. आईच्या पासपोर्टवर त्याचे नाव चढवून भागत नाही. आपल्याकडे जन्माची नोंद बारशाआधीच होते, त्यामुळे महानगरपालिकेच्या पहिल्या जन्मदाखल्यात पुष्कळदा बाळाच्या नावाची जागा रिकामी असते. आधी त्यात नाव घालून घ्यावे, आणि आईवडिलांच्या नावांचे इंग्रजी अक्षरलेखन तुमच्या पासपोर्टांशी तंतोतंत जुळते की नाही हे पाहावे. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी आईवडील दोघांनी सही केलेले परिशिष्ट ड (Annexure D), म्हणजे संमतीचे घोषणापत्र, जोडावे लागते, आणि तो पाच वर्षांसाठी मिळतो. छायाचित्रासाठी बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणे निजवून वरून फोटो काढायचा, ही युक्ती चांगल्या छायाचित्रकाराला ठाऊक असते.

जर्मनीत जास्त दिवस राहणार असल्याने शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा, जर्मनीचाच मागायचा. त्याच व्हिसावर स्वित्झर्लंडलाही जाता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि अगदी उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी; पण उन्हाळ्यात अर्ज केंद्रांच्या वेळा भरून जातात, म्हणून मार्चमध्येच तो उरकावा. सहा वर्षांखालील मुलाला व्हिसाशुल्क नाही, मोठ्यांना ते ९० युरो आहे, केंद्राचा सेवाखर्च निराळा. बारा वर्षांखालील मुलांचे व्हिसासाठी बोटांचे ठसे घेत नाहीत. बाळाच्या अर्जावर दोघांच्याही सह्या लागतात. प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा हवा, बाळाचाही. आणि पॉलिसी किती महिन्यांच्या मुलापासून लागू होते ते सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.

दोन वर्षांखालील मूल मांडीवर घेऊन प्रवास करता येतो आणि आंतरराष्ट्रीय विमानांत त्याचे भाडे मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के पडते. पुढच्या भिंतीपाशी अडकवण्याचा बाळाचा झोळणा अगोदर फोन करून मागून घ्यावा लागतो, आणि त्याला वजनाची व लांबीची मर्यादा असते. ती प्रत्येक कंपनीची वेगळी आहे. दहा महिन्यांचे अंगाने भरलेले बाळ त्यात मावेलच असे नाही, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वीच हा प्रश्न विचारावा. विमान वर चढताना आणि विशेषतः खाली उतरताना हवेच्या दाबामुळे कान दुखतात. त्या वेळी बाळाला पाजावे, गिळण्याने कानाच्या नळ्या उघडतात. बाळाचे दूध, पाणी आणि शिजवलेले अन्न यांना हातसामानातल्या १०० मिलिलिटरच्या नियमातून प्रवासापुरती सूट आहे, पण ते तपासणीत वेगळे काढून दाखवावे.

आणि एक कळकळीची सूचना. विमानात बाळ झोपावे म्हणून सर्दीचे पातळ औषध पाजण्याचा सल्ला कोणी ना कोणी तुम्हाला देईलच. तो कोणाचाही असो, मानू नका. या वयात अशा औषधाने श्वास मंदावण्याचा धोका असतो, आणि काही मुले त्याने झोपण्याऐवजी उलट चेकाळतात.

खरे तर विमानापेक्षा तुमचा सांगली ते मुंबई हा टप्पा अवघड आहे. मोटारीने सात-आठ तास, त्यात खंबाटकी आणि पुण्याची कोंडी, आणि त्यानंतर मध्यरात्रीचे विमान, असे एका दिवसात करू नये. आदल्या दिवशीच मुंबई किंवा पनवेल गाठून नातेवाइकांकडे रात्र काढावी, नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करून दिवसभर विसावा घ्यावा.

आता झोपेकडे येते, कारण बाळाचा सारा प्रवास तिच्यावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तुमचे बाळ इथे रात्री नऊला झोपून सकाळी साडेसहाला उठत असेल, तर तिथल्या घड्याळात ते संध्याकाळी साडेपाचला पेंगुळेल आणि पहाटे तीनला खेळायला उठून बसेल. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून झोपेची वेळ रोज थोडी थोडी पुढे ढकलावी, तिथे पोचल्यावर संध्याकाळी त्याला बाहेर उजेडात फिरवावे, आणि पहाटे उठले तर दिवा न लावता, न बोलता पाजून पुन्हा निजवावे. तीन-चार दिवसांत ते रुळते. मेअखेरीस तिथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, म्हणून खिडकीवर लावायला एखादे जाड काळे कापड न्यावे.

पाळण्याची सवय मात्र आतापासूनच मोडायला हवी. तुमच्या हातात अजून चार महिने आहेत. युरोपात हॉटेलवाले आणि घरमालक न हलणारी लाकडी किंवा जाळीची खाट देतात. तिथे झोका कुठून आणणार? आधी दुपारची झोप सपाट अंथरुणावर, ती जमली की रात्रीची, असे करत यावे. नुसते अंथरूण बदलले तरी वास ओळखीचा राहावा म्हणून रोजच्या वापरातली दोन दुपटी न धुता बरोबर ठेवावीत, हे सासूबाईंना सांगितले तर त्याही मान डोलावतील.

खाण्याची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नाही. प्रवासापर्यंत बाळ मऊ भात, मुगाची खिचडी खाऊ लागलेले असेल. नणंदबाईंच्या घरी आणि ल्युसर्नच्या सदनिकेत स्वयंपाकघर आहेच. मूगडाळ आणि तांदूळ तिथेही मिळतात. नाचणीचे सत्त्व घरचे न्यायचे तर स्वच्छ बंद पाकिटात, वर नाव लिहून न्यावे. निनावी पांढुरकी भुकटी पाहून तपासणारा माणूस प्रश्न विचारणारच. तिथल्या दुकानांत महिन्यांप्रमाणे खुणा केलेल्या बाळांच्या अन्नाच्या काचेच्या बाटल्या मिळतात, पण भाजीचे चित्र असलेल्या बाटलीतही पुष्कळदा मांस असते. तुमचे घर शाकाहारी असेल तर ‘फ्लाइश’ म्हणजे मांस, ‘रिंड’ म्हणजे गोमांस आणि ‘हून’ म्हणजे कोंबडी, हे तीन शब्द नणंदबाईंकडून जर्मन अक्षरांत लिहून घ्यावेत. मध वर्षाच्या आत देऊ नये, इथेही आणि तिथेही. नळाचे पाणी दोन्ही देशांत पिण्याजोगे असते. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकाने बंद असतात, आणि मे-जूनमध्ये ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्याही येतात, तेव्हा लंगोट आणि खाणे शनिवारीच भरून ठेवावे. अगदी अडले तर मोठ्या रेल्वेस्थानकांतली दुकाने उघडी असतात. डीएम नावाच्या दुकानांच्या बहुतेक जर्मन शाखांत बाळाचे लंगोट बदलायला टेबल असते आणि तिथे लंगोटही फुकट ठेवलेले असतात, हे फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते.

गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण होताच टोचून घ्यावी. युरोप आणि मध्य आशिया मिळून जागतिक आरोग्य संघटनेचा जो विभाग आहे, त्यात २०२४ साली गोवराचे सव्वा लाखाहून अधिक रुग्ण आढळले, आणि हा १९९७ नंतरचा उच्चांक होता. लशीचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे तुमच्या बेतात ती वेळेवर बसते. तापाचे औषध बाळाच्या त्या वेळच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, औषधाचे मूळ नाव इंग्रजीत असावे, आणि जलसंजीवनीची पाकिटे बरोबर ठेवावीत. आणीबाणीत ११२ हा क्रमांक दोन्ही देशांत चालतो.

मोटारीत आईने बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसायचे, ही आपली सवय तिथे बेकायदा आहे. नणंदबाईंना सांगून मागे तोंड करून बसवण्याचे बाळाचे आसन आधीच उसने किंवा भाड्याने घेऊन ठेवायला सांगावे. रेल्वेत हा प्रश्न नाही: दोन्ही देशांत सहा वर्षांखालील मूल मोठ्यांबरोबर फुकट जाते, जर्मनीच्या जलद गाड्यांत लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळी जागा असते, आणि स्वित्झर्लंडच्या दुमजली गाड्यांतल्या कौटुंबिक डब्यात वरच्या मजल्यावर चक्क खेळायची जागा असते. बाबागाडी हलकी आणि एका हाताने मिटणारी असावी. तिच्याबरोबर छातीशी बांधण्याची झोळीही असावी, कारण जुन्या गावांच्या दगडी फरसबंदीवर चाके फार हादरतात.

कपड्यांविषयी फक्त एवढेच, की मेअखेरीस ल्युसर्नला पावसाच्या दिवशी चांगलाच गारठा असतो. लोकरीचे एक आंगडे-टोपडे असू द्यावे.

राहिली नणंदबाईंची यादी. कंदी पेढे आणि साजूक तूप दोन्ही दुधाचे, आणि युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे व मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. सापडले तर विमानतळावर जप्त होतात, दंडही होऊ शकतो. यातून बाळाच्या दुधाची भुकटी वगळलेली आहे, ती कंपनीच्या बंद डब्यात माणशी दोन किलोपर्यंत नेता येते. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे हापूसची पेटीही राहू द्या. अननस, नारळ, केळी, खजूर अशी मोजकीच फळे या अटीतून सुटलेली आहेत. भडंग आणि सांगलीची हळद मात्र खुशाल न्या, आणि तुपाचे नणंदबाईंना कळवा की जर्मनीत लोणी उत्तम मिळते, सासूबाई बरोबर आल्या तर त्याच तिथे कढवून देतील.